दीनमित्रकार : खेड्यात राहून पत्र काढणाऱ्या संपादकाची गोष्ट

दरवर्षी ऑक्टोबर अर्धा झाला की मस्कतचं ऊन जरा नरमतं आणि अंक समितीचे फोन सुरू होतात. प्रवासवर्णन चालेल, पाककृती चालेल, कविता मात्र भरपूर आल्या आहेत, असा साधारण सूर असतो. गेली तीन वर्षं मी प्रोजेक्टच्या डेडलाइनचं कारण पुढे करून सुटलो. यंदा मात्र स्वतःहून हात वर केला, कारण एका माणसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आणि खरं सांगायचं तर तो माणूस आमच्या घराण्यात कुणाला फारसा आवडत नव्हता.

सुट्टीवर गेलो की आपल्यातले बरेचजण शिर्डी-शिंगणापूर करून येतात. शनिशिंगणापूर ज्या नेवासा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कुकाण्याजवळ तरवडी नावाचं गाव आहे. जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते आणि ते बरोबरच आहे. पण याच तालुक्यातल्या या छोट्या गावातून विसाव्या शतकात अनेक वर्षं एक मराठी साप्ताहिक निघत होतं, हे मला पंचविशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि मी त्याच जिल्ह्यातला! साप्ताहिकाचं नाव 'दीनमित्र' आणि संपादक मुकुंदराव पाटील. भारतातलं पहिलं ग्रामीण वृत्तपत्र असं त्याचं वर्णन केलं जातं. हे 'पहिलं' वगैरे किरीट मला जरा संशयास्पद वाटतात. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस पत्र काढायला पुण्या-मुंबईला गेला नाही, आणि पत्राचं नाव झाल्यावरही गेला नाही.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या सहकाऱ्यांत कृष्णराव भालेकर नावाचे एक तरुण होते. जन्म १८५० चा, गाव भांबुर्डे, म्हणजे आजचं पुण्याचं शिवाजीनगर. तो काळ डोळ्यासमोर आणला पाहिजे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले. शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत येतात ते हेच. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ. पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रं होती, पण ज्याचं घर बुडत होतं त्याचं म्हणणं त्यांच्यात त्याच्या बाजूने क्वचितच येत होतं. भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'दीनबंधु' सुरू केलं. पैशाचं सोंग आणता येत नाही. तीन वर्षांत ते चालवणं अशक्य झालं आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईला घेऊन गेले. लोखंड्यांनी तिथे त्याचं चीज केलं. गिरणी कामगारांची बाजू त्यांनी लावून धरली हे आपण जाणतोच. पण खेड्याच्या दृष्टीने बघितलं तर पत्र आणखी एक मुक्काम दूर गेलं.

पुढे १८८८ मध्ये तरवडीच्या गणपतराव पाटलांनी 'दीनमित्र' नावाचं मासिक काढलं. तेही सत्यशोधक विचारांचे. गणपतराव तरुणपणीच वारले आणि मासिक बंद पडलं.

आता या दोन धाग्यांची गाठ बघा. भालेकरांना १८८५ मध्ये मुलगा झाला, तो मुकुंद. हा मुलगा तरवडीच्या पाटलांच्या घरी, गणपतरावांच्या माघारी, दत्तक गेला. म्हणजे एका मुलाला दोन वडील लाभले, दोघांनीही पत्र काढलेलं, आणि दोघांचंही हातातून निसटलेलं. वारसा म्हणून जमीन मिळते, घर मिळतं, वतन मिळतं. मुकुंदरावांना या सगळ्याबरोबर दोन अर्धवट राहिलेली कामंही मिळाली.

भालेकर १९१० मध्ये गेले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, वयाच्या पंचविशीत, मुकुंदरावांनी 'दीनमित्र' पुन्हा सुरू केला, या वेळी साप्ताहिक म्हणून. (कॅलेंडर मागे नेऊन पाहिलं, तो दिवस बुधवार होता. आमच्या धंद्यात असल्या खोडी लागतात.) आधी नगर जिल्ह्यातल्याच सोमठाण्याहून आणि मग तरवडीहून पत्र निघत राहिलं.

आणि वर्ष कुठलं निवडलं बघा! १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने नवा प्रेस ॲक्ट आणला होता. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि सरकारला प्रत्येक छापखान्यात राजद्रोह दिसत होता. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला, आणि छापलेला मजकूर सरकारला खटकला तर तो जामीन जप्त. त्या काळचे पाचशे रुपये म्हणजे खेड्यातल्या बऱ्यापैकी शेतकऱ्याच्याही आवाक्याबाहेरची रक्कम. अशा वेळी पंचवीस वर्षांचा मुलगा खेड्यात पत्र काढायला निघतो, याला धाडस म्हणायचं की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावं. मी हट्टाच्या बाजूने आहे. धाडस सहा महिने टिकतं. हे पुढे सत्तावन्न वर्षं चाललं.

खेड्यात छापखाना म्हणजे काय, याचा मी थोडा विचार केला. आपण इथे रूवीत बसून हा अंक लावतो. एका लॅपटॉपवरचा ऱ्या दुसऱ्यावर फुटला, एखादी वेलांटी पळाली, तरी आपली किती चिडचिड होते! तेव्हा शिशाचे खिळे असत. देवनागरीची जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकडो वेगवेगळे खिळे. ते खणाखणांच्या पेट्यांत ठेवायचे, एकेक उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी वाचत. पान भरलं की फ्रेममध्ये आवळायचं, रुळाने शाई लावायची, कागद ठेवून हाताने दाब द्यायचा. मग दुसरा कागद. मग तिसरा. अंक छापून झाला की सगळे खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात. वीज नाही, रेल्वे दूर. नगर शहरापासून हा सगळा भाग पन्नास-साठ किलोमीटर. कागद संपला, शाई संपली, एखादा खिळा झिजला की बैलगाडीचा प्रवास. मस्कतहून निझव्याला आपण दीड तासात जातो, त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचं हे अंतर. पण तेव्हा त्याला अख्खा दिवस लागत असणार, आणि पावसाळ्यात किती लागेल ते नदी-ओढे ठरवणार.

जाता जाता इथलीच एक गोष्ट सांगतो. अबू मुस्लिम अल बहलानी या ओमानी कवीने १९११ मध्ये 'अल नजाह' हे पत्र काढलं, म्हणजे दीनमित्राच्या पुढच्याच वर्षी. पण काढलं ते झांझिबारहून. ओमानचं 'अल वतन' निघायला १९७१ साल उजाडलं. छापखाना जिथे आहे तिथे माणसाने जायचं, हीच जगाची रीत होती. परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्याला ती नवी नाही. मुकुंदरावांनी उलटं केलं. माणसं जिथे होती तिथे त्यांनी छापखाना आणला.

पण वाचणार कोण? १९११ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्यात शंभरातले सहा-सात लोक साक्षर होते. एखादा सल्लागार या आकड्यावरून धंद्याचा आराखडा काढायला बसला असता तर पहिल्याच पानावर फाइल बंद केली असती. मीच केली असती. पण खेड्यात वाचणं हे एकट्याने करायचं काम नव्हतंच. एकजण वाचायचा आणि पन्नासजण ऐकायचे. पोथी अशीच चालायची. शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनाही तोंडपाठ असत. मुकुंदरावांनी हे नेमकं हेरलं होतं असं मला वाटतं, कारण १९१३ मध्ये त्यांनी जे पुस्तक छापलं त्याचं नाव 'कुलकर्णी लीलामृत'. ओव्यांत लिहिलेलं, थेट पोथीच्या थाटाचं. नावातच चिमटा आहे हे कुठल्याही ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात यायचं. सावकारावर लिहिलं त्याचं नाव 'शेटजीप्रताप'. म्हणजे ऐकणाऱ्याला नवीन काही शिकायला नको. चाल ओळखीची, बैठक ओळखीची, फक्त देवाच्या जागी गावातला वह्या सांभाळणारा माणूस येऊन बसलेला.

इथे मला माझ्या अडचणीच्या भागाकडे यावं लागतं. आपल्या मंडळात मोजले तर पाच कुलकर्णी आणि चार पाटील आहेत, आणि गणपतीच्या वर्गणीचा हिशेब नेमका एका कुलकर्ण्यांकडेच असतो, यावरून दरवर्षी एक ठरावीक विनोद होतो. माझं आडनाव वेगळं असलं तरी आमच्याकडे नगर जिल्ह्यातल्या दोन गावांचं कुलकर्णीपण होतं. पणजोबांपर्यंत ते चाललं. 'दीनमित्र' हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आजोबांकडून, आणि ते चांगल्या शब्दांत नव्हतं. त्यांच्या मते ते सगळं द्वेषातून लिहिलेलं होतं. मी लहान होतो, पुढे काही विचारलं नाही.

नवीन पिढीसाठी थोडं सांगतो. कुलकर्णी हे मुळात आडनाव नाही, काम आहे. गावाचा हिशेब ठेवायचं काम. कुणाच्या नावावर किती जमीन, कुणी किती सारा भरला, किती बाकी आहे, कुणाचा वारस कोण, सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात. पाटील गावचा प्रमुख खरा, पण कित्येक पाटलांना स्वतःला अक्षरओळख नसायची. हे काम वंशपरंपरेने चालायचं, म्हणजे माणूस प्रामाणिक निघाला तर गावाचं नशीब, आणि नाही निघाला तर त्याच्यानंतर त्याचा मुलगा. शेतकरी सारा भरायचा. त्याची नोंद झाली की नाही हे त्याला वाचता येत नव्हतं. तो अंगठा उठवायचा, कशावर उठवला ते त्याला वाचता येत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या गावाच्या डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड एका घरात, तोही पिढ्यानपिढ्या, आणि ऑडिट करणारा कुणी नाही. अशी सिस्टीम मला कुणी दाखवली तर मी सही करणार नाही. त्यावर बसलेला माणूस कितीही सज्जन असला तरी नाही.

हे मला कळलं ते 'लीलामृत' वाचताना. थोड्या रागानेच वाचायला घेतलं होतं. पुस्तक बोचरं आहे, यात शंका नाही. कुठे कुठे ते एका कामावर टीका करता करता अख्ख्या जातीवर घसरतं, आणि तिथे आजोबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं. त्या वेळच्या कुलकर्णी मंडळींना ते झोंबलं यात नवल नाही. पण ते झोंबण्याचं कारण शिव्या नव्हेत. शिव्या खेड्यात फुकट मिळतात. कारण असं, की वह्यांच्या आत काय चालतं हे ज्याचं नाव वहीत असतं त्याच्या बाजूने, त्याच्याच बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत, आणि छापून आलं होतं. छापलेल्या कागदाची ताकद कुलकर्ण्याला चांगली माहीत होती. त्याची स्वतःची सगळी ताकद कागदाचीच होती ना!

'दीनमित्रा'ला फक्त ब्राह्मणांवर टीका करणारं पत्र म्हणून मोकळं होणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. ते अपुरं आहे. सावकारी, कर्ज, कोर्टकज्जे, भिक्षुकी, शिक्षण, अंधश्रद्धा असा खेड्यातल्या रोजच्या दुखण्यांचा सगळा पसारा त्यात यायचा. भटजीशिवाय लावलेल्या सत्यशोधक लग्नांची बाजू ते घ्यायचं. आणि ब्राह्मणेतर मंडळी स्वतः अस्पृश्यांना कशी वागवतात, यावरही मुकुंदरावांनी लिहिलं. हे मला जास्त अवघड वाटतं. शहरात बसून खेड्यातल्या पाटलावर लिहिणं सोपं. पाटलाच्याच घरात राहून, त्याच विहिरीचं पाणी पीत, सकाळी ज्याची गाठ पडणार त्याच्याबद्दल लिहिणं वेगळं. वर्गणीदारही तोच.

दीनमित्रानंतर दहा-बारा वर्षांत या विचारांची पत्रं धडाधड निघाली. १९१७ मध्ये वालचंद कोठारींचं 'जागरूक' आणि बडोद्याहून भगवंतराव पाळेकरांची 'जागृति', १९१९ मध्ये श्रीपतराव शिंद्यांचा 'विजयी मराठा', ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक', १९२१ मध्ये प्रबोधनकार ठाकऱ्यांचं 'प्रबोधन'. मोठी माणसं, मोठी पत्रं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी यातल्या काहींना आर्थिक आधार दिला. आपल्या संस्थानात तर त्यांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनच मोडीत काढलं आणि पगारी तलाठी नेमले. महाराज १९२२ मध्ये गेले आणि सगळ्या चळवळीचा मोठा आश्रय तुटला. एकेक पत्र थकत गेलं. कुणी कर्जाने बंद पडलं, कुणी संपादक दुसऱ्या कामाला लागल्याने. १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि चळवळीचा प्रवाहच वळला. तरवडीचं पत्र चालू राहिलं.

ते कसं टिकलं याचं एकच उत्तर माझ्यापाशी नाही. खेड्यातला खर्च कमी, हे एक. घरची शेती, हे दुसरं. पण मला वाटतं मुख्य कारण असं की ते कुठल्या लाटेवर निघालं नव्हतं. लाट ओसरली तरी शेतकऱ्याचा सारा, कर्ज, पाऊस, मुलांची शाळा हे सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याबद्दल लिहायचं तर दर आठवड्याला नवीन काही घडावं लागत नाही.

अर्थात सत्तावन्न वर्षं सगळी सारखी गेली असतील असं मी म्हणणार नाही. महायुद्धात कागदाची टंचाई होती, आणि स्वातंत्र्यानंतर काळ बदलला. मोठी दैनिकं एसटीने खेड्यापर्यंत पोचू लागली, रेडिओ आला, खेड्यातल्या माणसाचा आमदार झाला, मंत्री झाला. एका अर्थी मुकुंदराव ज्यासाठी भांडले त्यातलं बरंच घडताना त्यांनी बघितलं. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातलं कुलकर्णी वतन गेलं. पुढे १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची महसुली पाटीलकीही गेली. म्हणजे ज्या वतनावर त्यांनी ओव्या लिहिल्या तेही गेलं, आणि ज्या वतनाचं नाव ते स्वतः लावत होते तेही. दोन्ही बघायला ते होते. १९६७ मध्ये वयाच्या ब्याऐंशीच्या सुमारास ते वारले. 'दीनमित्र' तोपर्यंत चालू होता.

आज तरवडीत त्यांचं स्मारक आहे, त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात आणि त्यांचं लेखन ग्रंथरूपाने एकत्र छापलं गेलं आहे. कुणाला सुट्टीत शिंगणापूरहून पुढे जायला जमलं तर जरूर जा. वाट फार लांबची नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावचं जुनं घर आवरायला घेतलं. माळ्यावर एक लोखंडी पेटी सापडली. पणजोबांचं दप्तर. वाळवी लागलेलं, पण बरंचसं शाबूत. सगळं मोडीत लिहिलेलं. बाबांना मोडी येत नाही, काकांना येत नाही, मला तर प्रश्नच नाही. घरात तीन इंजिनियर, एक सीए, आणि एकालाही एक ओळ लागेना. शेवटी तालुक्याच्या गावी एक मोडी वाचणारे गृहस्थ आहेत असं कळलं, पानामागे ठरावीक पैसे घेतात. ते वाचून सांगणार आणि आम्ही मान डोलावणार. त्यांनी बरोबर वाचलं की नाही हे आम्हाला कसं कळणार, असं मुलाने विचारलं. तो नऊ वर्षांचा आहे, इथल्या शाळेत जातो, मराठी अक्षरं नुकतीच शिकलाय. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. पेटी बंद करून खाली आणली, आणि पहिली वीस पानं वाचायला देऊन आलो.